‘करायला हवं’ हे येतं कुठून? फेनॉमेनॉलॉजीतलं स्वातंत्र्य आणि नियम: नव्याने वाचणाऱ्यांसाठी

फेनॉमेनॉलॉजी म्हणजे गोष्टी अनुभवात जशा प्रतीत होतात तशा बारकाईने तपासणारी तत्त्वज्ञानाची परंपरा. तिच्यातल्या हुसर्ल, हायडेगर, सार्त्र, मेर्लो-पाँती यांच्याकडे वाचक बहुधा दोन प्रश्न घेऊन येतो. माणूस खरोखर स्वतंत्र आहे का, हा एक. बरोबर-चूक ठरवणारे नियम कुठून येतात आणि ते आपल्याला का बांधतात, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगवेगळे वाचले की दोन्ही हातातून निसटतात. जो चुकू शकतो आणि झालेली चूक आपली म्हणून बघू शकतो, त्याच्याबद्दलच स्वातंत्र्याची भाषा बोलण्यात अर्थ आहे, असं ही परंपरा मानते. घरंगळणारा दगड चुकत नाही. म्हणून सुरुवात ‘माझी इच्छा मोकळी आहे का’ इथून करू नका. ‘इथे चूक म्हणजे नेमकं काय’ इथून करा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका धाग्यावर आहेत.

जवळ काय ठेवायचं

एक वही, एक छोटा व्यवहारातला प्रसंग आणि मोजकी पानं. अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेच जण प्रस्तावनेतच दम टाकतात. इथे कलमांचे आकडे दिले आहेत, कारण ते सगळ्या भाषांतरांत सारखे असतात, पानांचे नसतात. हायडेगरच्या ‘बीइंग अँड टाइम’च्या इंग्रजी आवृत्त्यांत समासात मूळ जर्मन पानांचे आकडे छापलेले असतात. टिपणं काढताना तेच वापरा, म्हणजे पुढे दुसरं भाषांतर हाती आलं तरी वही कामाला येते.

प्रसंग निवडताना मोठा नैतिक पेच घेऊ नका. ‘एकाला वाचवू की पाचांना’ असल्या कोड्यांत उत्तराची घाई इतकी असते की अनुभवाकडे बघणं राहूनच जातं. आपण हा घेऊ: हाउसिंग सोसायटीचा खजिनदार वर्षाचा हिशोब जुळवतोय. पाण्याची टाकी साफ केल्याचं एक व्हाउचर समोर आहे, बॉलपेनने घाईत लिहिलेलं. पहिला आकडा १ आहे की ९, ते कळत नाही. रक्कम १,४५० की ९,४५०? ‘अक्षरी रुपये’ची ओळ कोरी आहे. सचिवाची सही झालेली आहे. सभा रविवारी आहे.

पहिली पायरी: कंसात ठेवणं

हुसर्लच्या ‘आयडियाज’च्या पहिल्या खंडातली (१९१३) §२७ ते §३२ एवढीच कलमं वाचा. तिथे तो ‘एपोखे’ मांडतो. जग आहेच, ही आपली एरवीची खात्री वापरात न आणता, ते जग आपल्याला कसं प्रतीत होतं ते पाहायचं. आपल्या प्रसंगात मेंदूत काय घडतं, सोसायटीचे उपविधी काय म्हणतात, घरचे संस्कार काय सांगतात, हे सगळं तात्पुरतं बाजूला ठेवायचं. ते खोटं ठरवायचं नाही. पुरावा म्हणून मात्र वापरायचं नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. काही जण एपोखे म्हणजे संशय समजतात. संशय घेणारा ‘हे नसेलही’ असं म्हणत असतो, म्हणजे त्याने बाजू घेतलेली असतेच. आणि आपल्याकडचे वाचक त्याला हमखास साक्षीभावाशी जोडतात. साम्य वरवरचं आहे. साक्षीभावात विषयांपासून सुटायचं असतं. एपोखेत विषय आणखी बारकाईने हाती घ्यायचा असतो. डोळे मिटून बसलात, तर व्हाउचर दिसायचं बंद होईल आणि काम तिथेच थांबेल.

वहीत साधारण ३०० शब्दांत प्रसंग उतरवा, एकही पारिभाषिक शब्द न वापरता. हे पान पुढे सतत लागणार आहे.

दुसरी पायरी: चूक कुठे होऊ शकते ते शोधा

ही पायरी सगळ्यात सावकाश करा. नियमांचा पहिला उगम इथेच सापडतो आणि घाईत तो दिसत नाही.

खजिनदाराला कागदावर शाईचा डाग दिसत नाही, रक्कम दिसते. तो आकडा त्याने ९ वाचला, म्हणजे न बोलता बरंच काही गृहीत धरलं: बँकेच्या पासबुकात ९,४५० वजा झालेले असतील, मंजूर केलेलं कोटेशनही त्याच्याच आसपासचं असेल, कुणी दुसऱ्याने पाहिलं तर त्यालाही ९च दिसेल. ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’च्या (१९००–०१) दुसऱ्या खंडातल्या सहाव्या ‘इन्व्हेस्टिगेशन’मध्ये हुसर्ल याला रिकामा रोख (पैसे नव्हे; वस्तूकडे वळलेली अपेक्षा) आणि त्याची पूर्ती म्हणतो. आधी नुसता रोख असतो. मग ती वस्तू स्वतः समोर येऊन तो रोख भरते, नाहीतर मोडते. पासबुक उघडलं आणि चेक १,४५०चा गेलेला निघाला. आता काय होतं ते नीट बघा. खजिनदार असं म्हणत नाही, की ‘मघाशी ९ होता, आता १ झाला’. तो म्हणतो, ‘तो आधीपासून १च होता, मी चुकीचं वाचलं.’ दुरुस्ती मागे जाऊन लागू होते.

ती चूक ठरवणारा नियम कोणी बाहेरून लादला? कोणीच नाही. ९ वाचणं हाच एक दावा होता, आणि तो खरा-खोटा ठरण्याची अट त्या वाचण्यातच होती. हुसर्लसाठी विवेक (इंग्रजीत ‘रीझन’) म्हणजे मनातली एखादी वेगळी शक्ती नव्हे. आपला दावा वस्तूसमोर नेऊन तपासण्याची जी ओढ प्रत्येक जाणिवेत असते, तिलाच तो विवेक म्हणतो. ‘आयडियाज’च्या शेवटच्या, चौथ्या भागाचा हाच विषय आहे.

यानंतर ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’चा पहिला खंड घ्या. §१४ आधी वाचा. ‘सैनिकाने शूर असावं’ या वाक्याचा अर्थ तिथे तो ‘शूर सैनिक हाच चांगला सैनिक’ असा लावतो. प्रत्येक ‘असावं’च्या मागे ‘चांगलं म्हणजे काय’ याचं एक माप असतं, आणि ते माप पुन्हा ‘असावं’च्या भाषेत सांगता येत नाही. मग मानसवादावरची टीका वाचा. बेरजेचे किंवा तर्काचे नियम म्हणजे माणसं कसा विचार करतात याचं सामान्यीकरण, असं मानसवाद म्हणतो. हुसर्लचा प्रतिवाद असा: मनाबद्दलचे नियम ढोबळ असतात, निरीक्षणातून गोळा केलेले असतात, उद्या बदलू शकतात, तर्काचे नियम तसे नाहीत. दहा खजिनदारांनी एकाच रकान्याची बेरीज एकसारखी चुकवली, तर नवं अंकगणित जन्माला येत नाही. दहा चुका होतात, इतकंच.

मानसवाद पडला म्हणजे नियम कुठेतरी आकाशात टांगलेले आहेत, असा निष्कर्ष इथे बरेच वाचक काढतात. तसं समजलात, तर ते माणसाला का बांधतात हे कधीच सांगता येणार नाही. तर्काचा नियम कोणाच्या मनावर अवलंबून नाही, पण त्याचं प्रामाण्य कळतं ते प्रतीतीतूनच. या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवता आल्या, तर हुसर्लचा निम्मा गड सर झाला.

मेर्लो-पाँतीची एक भर इथेच जोडून घ्या. ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ परसेप्शन’मध्ये (१९४५) तो म्हणतो, की चित्रदालनातल्या प्रत्येक चित्रासाठी जसं एक योग्य अंतर असतं, तसंच ते प्रत्येक वस्तूसाठी असतं. खजिनदार व्हाउचर उचलतो, किंचित तिरकं करतो, ट्यूबलाइटखाली धरतो. ‘नीट दिसणं’ म्हणजे काय, हे त्याच्या हाताला आणि मानेला आधीच ठाऊक आहे. म्हणजे विचार सुरू होण्याआधीच शरीर एक माप पाळत असतं.

तिसरी पायरी: ‘कशामुळे’ आणि ‘कशावरून’ वेगळं काढा

वहीत दोन रकाने आखा. खजिनदाराने ९ वाचला तो कशामुळे? रात्रीचे अकरा वाजले होते, चष्मा जुना होता. आणि कशावरून? शेजारच्या व्हाउचरवरचा ९ अगदी अस्साच होता. पहिल्या रकान्यातल्या गोष्टी घडतात. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींना तो स्वतः आधार म्हणून धरतो, आणि त्या चांगला आधार आहेत की लंगडा, असं त्याला विचारता येतं.

दुसऱ्या रकान्यातल्या या संबंधाला हुसर्ल ‘मोटिव्हेशन’ म्हणतो. ‘आयडियाज’च्या दुसऱ्या खंडातल्या (हुसर्लच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये प्रसिद्ध) §५६मध्ये त्याने त्याला मनुष्यविश्वाचा मूलभूत नियम म्हटलं आहे, आणि §६०मध्ये स्वतंत्र ‘मी’ मांडला आहे. हे दोन्ही वाचाच. त्याच्या मते स्वातंत्र्य म्हणजे कारणांच्या साखळीत कुठेतरी पडलेलं भोक नाही. आधारांचेही थर असतात. सवय, ओढ, ‘आधीच्या खजिनदारानेही असंच चालवलं’ हे आधार आपल्या नकळत काम करतात. आपण थांबून त्यातला एखादा तपासतो, घेतो किंवा नाकारतो, तेव्हा ‘मला शक्य आहे’ हे खऱ्या अर्थाने सुरू होतं.

‘शास्त्राने सगळं ठरलेलं आहे असं सिद्ध केलं तर?’ ही शंका याच पायरीवर डोकं वर काढते. तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायला बसू नका. शास्त्रज्ञ ‘हे सिद्ध झालं’ म्हणतो तेव्हा तोही पुरावा मांडतो, म्हणजे दुसऱ्या रकान्यातच उभा असतो. या एवढ्यावर नियतिवाद खोटा ठरत नाही. पण दुसरा रकाना पुसून टाकायचा झाला, तर सोबत ‘सिद्ध’ हा शब्दही पुसावा लागेल, हे दिसतं.

हुसर्लच्या नीतिविचाराकडे धावतं लक्ष टाकलं तरी सध्या पुरे. पहिल्या महायुद्धाआधीच्या व्याख्यानांत त्याचा आदेश होता: शक्य असलेल्यांतलं उत्तम ते कर. पुढे त्याला स्वतःलाच तो अपुरा वाटला. आई मुलाकडे बघते ती तराजू घेऊन बघत नाही. काही हाका तिलाच उद्देशून असतात. १९२३–२४मध्ये जपानी ‘काइझो’ मासिकासाठीच्या लेखांत तो सुट्या कृतींऐवजी संपूर्ण आयुष्याच्या नूतनीकरणाबद्दल बोलतो.

चौथी पायरी: भूमिका उलगडा

आकडा १ आहे, हे कळलं. तरी एक प्रश्न उरतोच. कच्च्या जमाखर्चात ९,४५० आधीच टाकले गेलेत, सचिव म्हणतो ‘जाऊ द्या, पुढच्या वर्षी जुळवून घेऊ’, आणि ८,००० रुपयांची तफावत सभेपुढे मांडायची की नाही, हे खजिनदाराला ठरवायचं आहे. इथे हुसर्लकडून हायडेगरकडे वळा. वाचायचं काय: ‘बीइंग अँड टाइम’ (१९२७) §१५ ते §१८, §२७, §४०, §५४ ते §६०. याच क्रमाने.

§१५–१८: व्हाउचर, पासबुक, कॅशबुक, रबरी शिक्का या वस्तू एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि ती सगळी साखळी शेवटी कोणीतरी खजिनदार ‘असण्या’पाशी येऊन थांबते. ‘नीट केलेला हिशोब’ याला अर्थ त्या असण्यामुळेच आहे.

§२७: खजिनदाराने कसं वागायचं, ते ‘लोक’ ठरवतात. ‘आपल्याकडे असंच चालतं.’ हे कलम वाचून ‘लोकां’ना खलनायक ठरवण्याचा मोह होतो. तो आवरा. ‘लोक’ नसते, तर खजिनदार ही भूमिकाच नसती, आणि हिशोब चुकणं ही गोष्टही नसती. सामाजिक रीत हा नियमांचा खराच एक उगम आहे. पण रीत आहे म्हणून ती मला बांधते का, याचं उत्तर रीत देऊ शकत नाही.

§४०मधल्या खोल अस्वस्थतेत नेमकं हेच उघडं पडतं. भूमिका, अवजारं, लोकांचं म्हणणं सगळं जागच्या जागी असतं, पण त्याची पकड सुटलेली असते. मग सदसद्विवेकाच्या हाकेवरची कलमं (§५४–६०) येतात. इथे वाचकाची फार ठरलेली चूक होते: ती हाक म्हणजे ‘चोरी करू नको’ सांगणारा आतला आवाज, असं तो समजतो. हायडेगर स्पष्ट लिहितो, की ही हाक काहीही सांगत नाही. ती एवढंच दाखवते, की मी माझा पाया स्वतः रचलेला नाही, तरीही तो पाया होण्याची जबाबदारी माझीच आहे. §५८मधला ‘दोष’ हा असा आहे. कृतीआधीचा, आणि फेडून न फिटणारा.

या कलमांचा आजचा एक भक्कम अर्थ स्टीव्हन क्रॉवेल या अमेरिकन अभ्यासकाने लावला आहे. हुसर्ल आणि हायडेगर यांच्यातील नियमप्रामाण्यावरचं त्याचं पुस्तक २०१३चं आहे. त्याच्या वाचनात, ही हाक घेणं म्हणजे उत्तरदायी होणं. रीत नुसती माझ्यावर काम करत होती. आता मी तिला माझा आधार करतो, म्हणजे ‘का?’ असं कोणी विचारलं तर कारण देणं मला लागू होतं. विवेक इथून निघतो. खुद्द हायडेगरने १९२९च्या आधारतत्त्वावरच्या निबंधात स्वातंत्र्याला ‘आधाराचा आधार’ म्हटलं आहे. हे वाक्य एकटं वाचलं तर मंत्रासारखं वाटतं. §५८नंतर वाचलं तर उलगडतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. उत्तरदायी हो, हे कळलं. पण कोणतं कारण चांगलं, हे इथून निघत नाही. निर्धार आहे, पण कशाचा? हायडेगर १९३३मध्ये नाझी पक्षात गेला. त्याच्या विश्लेषणाने ते घडवलं, असं म्हणणं फार होईल. पण त्या विश्लेषणात त्याला अडवणारंही काही नव्हतं, ही तक्रार वाजवी आहे, आणि टिपणात ती लिहायलाच हवी.

पाचवी पायरी: सार्त्र, आणि लगेच त्याला उत्तर

‘बीइंग अँड नथिंगनेस’मधला (१९४३) शून्यतेच्या उगमावरचा भाग वाचा. कड्याच्या टोकावरच्या माणसाला पडण्याची भीती वाटते, ती वेगळी; ‘मी स्वतः उडी मारू शकतो’ हे जाणवून जे गरगरतं, ते वेगळं. जुगार सोडलेला माणूस पुन्हा पत्त्यांच्या टेबलाशी येतो आणि त्याला कळतं, की कालचा निश्चय आज त्याला धरून ठेवत नाही. तो पुन्हा नव्याने करावा लागतो. खजिनदार म्हणेल, ‘या पदावर असल्यावर मला करावंच लागतं.’ सार्त्रच्या मते ही आत्मवंचना झाली. त्याचा कॅफेतला वेटर असाच वेटरपणाच्या आड लपतो. मूल्यांना आधार माझ्या स्वातंत्र्याचा, आणि त्या स्वातंत्र्याला आधार कशाचाच नाही.

हे वाचताना अंगात वारं शिरतं, म्हणून इथेच थांबायचं नाही. दुसऱ्या पायरीकडे मागे वळा. नियम मीच केला असेल, तर तो मोडल्यावर ‘मी चुकलो’ आणि ‘मी नियम बदलला’ यांत फरक काय उरला? खजिनदाराला तो फरक जाणवतो. सार्त्रच्या हिशोबात तो बसवणं अवघड जातं.

म्हणून ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ परसेप्शन’चं शेवटचं प्रकरण याला जोडूनच वाचा. मेर्लो-पाँतीचा आक्षेप असा: प्रत्येक कृती सारखीच मोकळी असेल, तर स्वातंत्र्य कुठेच दिसणार नाही, कारण त्याच्यामागे पार्श्वभूमीच उरणार नाही. वीस वर्षं न्यूनगंडात काढलेला माणूस उद्या बदलणारच नाही असं नाही, पण तसं होण्याचा संभव कमी आहे, आणि हा ‘संभव’ खरा आहे. आयुष्याचा गाळ साचतो. स्वातंत्र्य त्यावर उभं राहून काम करतं.

याच परंपरेतल्या शेलर आणि लेव्हिनास यांना एकेक संध्याकाळ पुरते. शेलरच्या मते (त्याचा मुख्य ग्रंथ १९१३ ते १९१६ या काळातला) मूल्यं भावनेत थेट प्रतीत होतात, जसा रंग डोळ्याला. लेव्हिनास ‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’मध्ये (१९६१) सगळा मांडच उलटा करतो: माझ्या स्वातंत्र्याला पहिला जाब विचारतो तो समोरच्याचा चेहरा. आपल्या प्रसंगात टाकी साफ करणाराच अजून आलेला नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. समजा काम ९,४५०चं ठरलं होतं आणि चेक चुकून १,४५०चा गेला. तो दारात उभा आहे. आता चूक कागदावर राहत नाही, आणि ‘हिशोब जुळला’ हे त्याला उत्तर होत नाही.

शेवटची पायरी: लिहून तपासा

पहिल्या दिवशीचं ३०० शब्दांचं पान काढा. त्यातल्या प्रत्येक ‘हवं’, ‘पाहिजे’, ‘चुकलं’खाली रेघ मारा आणि समासात उगम लिहा: वस्तू, शरीर, रीत, मी, समोरचा माणूस. एकाच ठिकाणी दोन उगम लिहावेसे वाटले, तर दोन्ही लिहा. खरा वाद तिथेच असतो. पान सगळं एकाच उगमाने भरलं, तर प्रसंग फार सोपा निवडला गेलाय किंवा शेवटचं वाचलेलं पुस्तक अजून डोक्यात आहे. अशा वेळी दोन दिवस जाऊ द्या आणि दुसरा प्रसंग घ्या.

मग तत्त्वज्ञांची नावं झाकून पान पुन्हा वाचा. ‘हायडेगर म्हणतो म्हणून’ एवढ्यावरच जे वाक्य उभं आहे, ते खोडा. उरलेल्या वाक्यांपैकी एक निवडून एका पानाचं टिपण करा: दावा, तो कुठे प्रतीत होतो ती जागा, आणि तो मोडू शकेल असा एक प्रसंग. हा तिसरा भाग सुचत नसेल, तर दावा अजून पुरेसा नेमका झालेला नाही. दुसऱ्या पायरीवर परत जा आणि व्हाउचर पुन्हा उजेडात धरा.